पालकाच्या रकान्यात

सोमवार, ४ जून

आमच्या लघुलेखक कक्षाच्या प्रमुखांनी आज पहिल्याच दिवशी मला बजावलं, "सभागृहात येताना मत घरी ठेवून यायचं." नव्या माणसाला ते हे एकदा सांगतात म्हणे, मला, पंधरा वर्षं इतर कचेऱ्यांत लघुलेखन करून आलेली असूनही, दोनदा सांगितलं. म्हणून परतताना ही वही विकत घेतली. मत घरी ठेवायचं तर त्याला जागा हवी.

पहिलं मत असं, की प्रमुखांना सगळे पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणतात ते अगदी चपखल आहे. बोलतानाही ते अर्ध्यावर थांबतात आणि समोरच्याला वाटतं, संपलं. तीनदा मी उठून निघाले, तीनदा त्यांनी परत बसवलं.

काम असं: अध्यक्षांच्या आसनाखाली आमचं टेबल. दर दहा मिनिटांनी एक लघुलेखक येऊन बसतो, आधीचा उठून टंकलेखनाला जातो. देशभरातून निवडून आलेले तीनशे बारा सदस्य बोलतात, ओरडतात, मध्येच उठतात, आणि आपण लघुलिपीच्या रेघा ओढत राहायचं. मान वर करायची नाही. त्यामुळे मला आज माणसं फारशी दिसली नाहीत, पुढच्या दोन ओळींचे बूट मात्र पाठ झाले. बूट, बूट, बूट, आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाला करड्या चपला, एकीचा अंगठा शिवलेला. त्या बाईंच्या.

सगळे त्यांना नुसतं 'बाई'च म्हणतात, वर्तमानपत्रंसुद्धा. या सभागृहात निवडून आलेल्या त्या पहिल्या, आणि अजून तरी एकट्याच. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुईण होत्या. जागा पडणारच आहे म्हणून पक्षाने त्यांना तिकीट दिलं. मोजणीला बसले तेव्हा निम्मा मतदारसंघ त्यांच्या हातावर जन्मलेला निघाला.

कुणी हसलं की आम्ही कंसात 'हशा' लिहितो. कोण हसलं, कशाला हसलं, ते आपलं काम नाही. आज बाई चार मिनिटं पिण्याच्या पाण्यावर बोलल्या आणि पाच वेळा हशा लिहावा लागला. टंकताना मी पुन्हा पुन्हा वाचलं. विनोद सापडला नाही.

बुधवार, ६ जून

भाऊजींकडून लेकीचा फॉर्म परत आला. सही नाही. सोबत चिठ्ठी: घाई कशाला, पुढच्या वर्षी बघू, मुलीच्या जातीने गाई-म्हशींच्या पोटात हात घालायचे म्हणजे जरा विचार व्हायला हवा.

लेकीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. लहानपणी शेजारच्या कुत्र्याच्या पायाला तिने माझ्या चांगल्या साडीची पट्टी बांधली होती, तेव्हापासून. गुणांच्या यादीत नाव लागलं आहे. कॉलेजात फॉर्म द्यायची शेवटची तारीख तीस. पण फॉर्मवर पालकाची सही हवी, आणि कायद्यात पालक म्हणजे वडील. वडील नसतील तर वडिलांकडचा मोठा पुरुष. हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या मुलीचे पालक तिचे काका आहेत, जे तिला वर्षातून दोनदा भेटतात आणि दर वेळी विचारतात, आता कितवीत?

भाऊजी वाईट नाहीत. त्या दिवसांत सगळ्यांच्या आधी धावून आले होते. पण त्यांचं 'बघू' एकदा सुरू झालं की ते बघत नाहीत.

सासूबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाल्या, "आण तो फॉर्म. मीच करते त्याची सही. त्याचं नाव मीच ठेवलंय."

मी नको म्हणाले. दिवसभर दुसऱ्याचं जसंच्या तसं लिहिण्याचा पगार घेते, घरी येऊन खोटं कसं लिहू? सासूबाई म्हणाल्या, माझं कठीण आहे.

लेकीने भांडी फार जोरात घासली.

शुक्रवार, ८ जून

या भल्या थोरल्या इमारतीत बायकांसाठी एकच स्वच्छतागृह आहे. पूर्वी तिथे झाडू ठेवायचे. बाई निवडून आल्यावर झाडू हलवले, पण दाराची कडी तशीच राहिली: बाहेरून आहे, आतून नाही. झाडूंना आतून कडी कशाला हवी होती? तेव्हा आत एक गेली की बाहेर दुसरीने राखण करायची, असा रिवाज पडला आहे, आणि दुसरी म्हणजे आता मी. बाई म्हणाल्या, इतके दिवस त्या आत गाणं म्हणायच्या, म्हणजे बाहेरच्याला कळावं.

आज त्यांनी आतून विचारलं, घरी कोण कोण असतं? बंद दाराशी बोलणं सोपं असतं. फॉर्मपासून कुत्र्याच्या पट्टीपर्यंत सगळं सांगून बसले. आतून आवाज आला, "शेवटची तारीख?" मी सांगितलं, तीस. मग बराच वेळ नुसता नळाचा आवाज.

हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वेळी पंधरा होती." आणि गेल्या. कसली पंधरा, ते विचारायचं राहूनच गेलं.

मंगळवार, १२ जून

आज मला नोकरीवरून काढतील असं वाटलं. अजूनही वाटतंय.

बाईंनी विधेयक मांडलं. तीन कलमं: शाळा-कॉलेजच्या फॉर्मवर, दवाखान्याच्या कागदांवर आणि परदेशी जायच्या कागदांवर आईची सही चालावी. योगायोग पाहा, आमच्याच दुखण्यावर. कक्षात सगळे चकित झाले, कारण त्या हे पुढच्या अधिवेशनात आणणार होत्या, कागद अजून अर्धे तयार होते. एवढी घाई का केली, कुणालाच कळलं नाही.

पहिल्या ओळीत तांबड्या बुटांचे एक तरुण सदस्य बसतात. बूट त्यांत तोंड दिसेल इतके चकचकीत. ते उठले आणि म्हणाले, बाईंना पालक हवाच असेल तर त्यांनी भाजीबाजारात जावं, जुडीने मिळेल.

हशा. मोठा. हसताना माणसाचे पाय हलतात. पहिली ओळ सगळी हलत होती.

बाईंनी तो संपू दिला. मग म्हणाल्या, "रोज जाते. तिथे पालक घ्यायला बाई चालते. शाळेत पालक व्हायला चालत नाही. एवढाच माझा मुद्दा आहे."

आणि मी हसले. मनात नाही, तोंडाने. पेन्सिल हातात असताना, देशाच्या सभागृहाच्या मधोमध.

माझं हसणं सगळ्यांनी ऐकलं, पण बाई थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मूल जन्मलं की कागदावर पहिली सही सुईणीची, दुसरी वडिलांची. "सव्वीस वर्षं मी सह्या केल्या. जिने कळा सोसल्या तिच्या हातात कुणी पेन दिलं नाही."

एकही बूट हलला नाही. मी कंस उघडला आणि तसाच मिटला. हशाला कंस आहे, टाळ्यांना आहे, गोंधळाला आहे. गप्प बसण्याला आमच्याकडे काही नाही.

मग तांबड्या बुटांनी हरकत घेतली, की मघाचा एक हशा टेबलावरून आला. अध्यक्षांनी लेखी खुलासा मागवला.

बुधवार, १३ जून

स्वल्पविरामांनी खुलासा दिला. मी प्रत पाहिली. 'उक्त आवाज ठसक्याचा असावा.'

या माणसाने वीस वर्षांत एक मात्रा इकडची तिकडे केली नाही. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "असावा, असं लिहिलंय. होता, असं नाही," आणि थांबले. मी बसून राहिले, पुढे काही असेल म्हणून. या वेळी खरंच संपलं होतं.

आज टेबलावर माझ्या जागी चार पेन्सिली टोक काढून ठेवलेल्या होत्या. शिपायाचं चुकून झालं असेल.

शुक्रवार, १५ जून

दाराबाहेर मी, दाराआड बाई. मी तांबड्या बुटांच्या नावाने बोटं मोडत होते. आतून बाई शांतपणे म्हणाल्या, त्याची आई आमच्या दवाखान्यात फरशी पुसायची. नवरा सोडून गेला होता. पोराच्या शाळेच्या फॉर्मवर सहीसाठी तीन गावं फिरली, शेवटी एका चुलत्याने केली, तीही शंभर बोल लावून.

मी म्हणाले, मग हे सभागृहात सांगा ना. चांगली जिरेल.

"सांगितलं तर हशा होईल," त्या म्हणाल्या. "आणि तो त्याच्यावर नाही व्हायचा, तिच्यावर होईल."

मला पटलं नाही. मी असते तर सांगितलं असतं. म्हणूनच मी टेबलाशी बसते आणि त्या बाकावर, असं नंतर वाटलं. पण ते अर्धवटच वाटलं.

मंगळवार, १९ जून

आज फार राग आला आहे. बाईंचा.

नेहमीप्रमाणे राखण करत होते, तर त्यांच्याच पक्षाचे दोन ज्येष्ठ नेते शोधत शोधत तिथे आले. आत बाई आहेत म्हटल्यावर दोघांनी छताकडे पाहायला सुरुवात केली. घाईत होते, त्यामुळे शेवटी दाराशीच बोलू लागले. बाईंनी विधेयक आता मागे घ्यावं. पुढच्या अधिवेशनात सरकारच ते आणेल, तिन्ही कलमांसकट, आणि हमखास मंजूर करून घेईल. चार महिन्यांचा तर प्रश्न. शिवाय आरोग्य खातं रिकामं आहे. "देशातली पहिली मंत्रीणबाई," त्यांतला उंच नेता दाराला म्हणाला, "विचार करा."

बाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं ते असं: दोन कलमं तुमच्याकडे ठेवा. मंत्रिपदही ठेवा. पहिलं कलम याच महिन्यात मताला टाका, आणि मंजूर झाल्या दिवसापासून लागू.

उंच नेत्याने विचारलं, एवढं सगळं शाळेच्या एका फॉर्मसाठी?

"हो," बाई म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरच्या रुमालाला हात पुसले.

मी घरी येईपर्यंत धुमसत होते. चार महिन्यांत तिन्ही कलमं मिळत होती. मंत्री झाल्या असत्या. देशात कुठलीही बाई जिथे पोचली नाही तिथे पोचायचं होतं, ते एका फॉर्मवर उधळलं. हा निर्णय चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या लेकीचं त्यात भलं होईल, नाही असं नाही. पण देशाचा कारभार काही आमच्या तारखांवर चालत नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. नळाचं, त्या 'पंधरा'चंसुद्धा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुला लिहिता येतं गं. वाचता येत नाही." कशाबद्दल, कोण जाणे.

गुरुवार, २१ जून

लेक रोज कॅलेंडरकडे बघते आणि बघितलं नाही असं दाखवते. आज आम्ही दोघी एकदमच बघायला गेलो आणि दोघींनी भिंतीवरचं जळमट काढलं.

सोमवार, २५ जून

मंजूर.

शब्द लिहून पाहिला. आता रीतसर लिहिते.

माझी पाळी अकरा चाळीसला संपायची. संपली, पण पुढचा लघुलेखक आलाच नाही. दाराशी स्वल्पविराम उभे होते, त्यांनी हाताने खूण केली, बसून राहा. मतदान अगदी समोर आलं होतं. ठसक्याची शिक्षा आज देतायत, असं मनात आलं. जिचा जीव त्या कागदात अडकलाय तिनेच आकडे घ्यायचे, यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

बाईंचं शेवटचं भाषण दीड मिनिटाचं. त्या पहिल्यांदाच स्वतःविषयी बोलल्या. त्यांनाही डॉक्टर व्हायचं होतं. वडील नव्हते, चुलता बाहेरगावी होता, आईने फॉर्मवर अंगठा उठवला आणि खिडकीतून तो परत आला. पंधरा तारीख टळली. सुईणीच्या शिक्षणाला सही लागत नव्हती, म्हणून सुईण झाल्या. "माझं वाईट झालं नाही," त्या म्हणाल्या. "पण ते माझ्या आईला आणि मला ठरवू द्यायला हवं होतं."

मी लिहिलं. पंधराचा आकडा लिहिताना हात क्षणभर अडला, का ते नीट कळलं नाही. पुढचं वाक्य सुरू झालं होतं.

मतदान उभं राहून होतं. बाजूचे उभे राहा म्हटलं की मोजणी. माझी मान खाली. मी बुटांकडे पाहत होते. बसलेल्या माणसाचे बूट सैलावलेले असतात, उभ्या माणसाचे जमिनीत रुततात. एक जोडी रुतली. तीन. करड्या चपला. मग मागून खुर्च्यांचा आवाज, पुढची ओळ मात्र ढिम्म. माझं मोजणं कधीच चुकलं होतं. आणि मग समोर, अगदी माझ्या नाकासमोर, तांबडे बूट आधी बाकाखाली ओढले गेले, बराच वेळ तिथेच राहिले, आणि सावकाश बाहेर येऊन जमिनीवर नीट टेकले. त्यांच्या शेजारच्याने त्यांचा कोट ओढलेला मी पाहिला. बूट हलले नाहीत.

चुकून उठले असावेत. झोप लागली असेल.

बाजूने एकशे एकोणचाळीस, विरोधात एकशे छत्तीस. मग टाळ्या, कंसात.

टंकलेलं पान स्वल्पविरामांनी तपासलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, कागद इथे ओला झालाय. मी म्हणाले, घाम. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ते कंसात लिहायची गरज नाही," ते म्हणाले.

घरी आल्यावर सांगितलं तर लेक माझ्या अंगावर अशी येऊन पडली की आम्ही दोघी दाराच्या चौकटीवर आपटलो. सासूबाई म्हणाल्या, आता माझ्या लेकाला पत्र मी लिहिते. काय लिहिलं दाखवलं नाही. पाकीट चिकटवताना गालात हसत होत्या.

गुरुवार, २८ जून

राजपत्र छापून आलं. स्वल्पविरामांनी एक प्रत माझ्या टेबलावर ठेवली. शाई अजून बोटाला लागत होती. त्यात त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिलीने स्वल्पविराम दुरुस्त केले होते. म्हणाले, कॉलेजात दाखवताना चूक दिसायला नको. मी कॉलेजात जाणार हे यांना कुणी सांगितलं?

आरोग्य खातं दुसऱ्या कुणाला मिळालं. बाई आज त्यांच्याच बाकावर होत्या, आणि उरलेली दोन कलमं पुन्हा मांडण्याची नोटीस त्यांनी देऊनही टाकली. बोलताना एकदा हशा झाला. मी टंकताना वाचलं, तर या वेळी वाक्य खरंच गमतीचं होतं.

स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी बसली आहे. सुताराने सांगितलं, तांबडे बूटवाले साहेब अर्ज देऊन गेले. आता राखणीचं काही कारण उरलं नाही, तरी मी बाहेर उभी राहिले आणि बाईही आतून बोलत राहिल्या. मी मनाचा हिय्या करून म्हणाले, मंत्रिपद सोडलंत त्याचं मला अजून वाईट वाटतं, खरं सांगायचं तर तुमचं चुकलं. आतून त्या इतक्या हसल्या की मला वाटलं पाय घसरला.

"उद्या रजा घे," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवार, २९ जून

बसने तीन तास. लेकीने फॉर्म मांडीवर धरला होता, पिशवीतही ठेवू देईना.

खिडकीतला कारकून म्हणाला, पालकाची सही राहिलीय. मी म्हणाले, करते. तो म्हणाला, तुम्ही नाही, वडील. वडील नाहीत. मग वडिलांकडचं कुणी? मी राजपत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं, उलटून मागचं कोरं पान वाचलं, आत घेऊन गेला, दुसऱ्या कारकुनाला घेऊन आला, दोघं मिळून प्राचार्यांना घेऊन आले. प्राचार्यांनी उभ्यानेच वाचलं, माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, घ्या यांची सही.

खिडकीतून पेन बाहेर आलं. मागे रांग, हातात पेन, समोर रकाना. मी सही केली.

कारकून बघतच राहिला. "हे काय काढलंत?"

मी पाहिलं. पंधरा वर्षांची सवय. घाईत पेन हाती आलं की हात एकच गोष्ट करतो. मी माझं नाव लघुलिपीत लिहिलं होतं: दोन रेघा, एक आकडी, एक ठिपका. फॉर्म एकच. त्याच्या माथ्यावर ठळक छापलेलं, खाडाखोड केल्यास अर्ज बाद. सबंध देशाने मला सही करू दिली, आणि मी रेघोट्या ओढून ठेवल्या.

तेवढ्यात लेक खिडकीत वाकली. ती माझ्या रद्दी कागदांवर अक्षरं गिरवत मोठी झाली आहे. तिने रेघेवर बोट ठेवलं. "ही सही आहे," ती म्हणाली, "वाचून दाखवते." आणि वाचलं: माझं नाव, तिच्या वडिलांचं, आडनाव.

आयुष्यात तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं. आईचं नाव कोण घेतं? रांगेतले दोघे-तिघे वळून बघायला लागले इतक्या खणखणीत आवाजात घेतलं.

कारकुनाने ते राजपत्रातल्या कलमाशी ताडून पाहिलं. सही कशी असावी, याबद्दल त्यात काही नव्हतं. मग त्याने रेघांखाली सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं. "नातं?"

लेक म्हणाली, आई. त्याच वेळी मी म्हणाले, मुलगी.

त्याने पेन वर उचललं. "एक काय ते सांगा."

"आई," मी म्हणाले. सही माझी होती, तेव्हा सांगायचंही मीच.